वेंडेल पॉस्टनचा रविवार

नोव्हेंबर लागला की आमच्या गावातली माणसं दोन कामांना लागतात. निम्मी बंदुका पुसून हरणांच्या मागे जंगलात जातात आणि उरलेली निम्मी बारमध्ये बसून, आमच्या हेरन्स या बेसबॉल टीमनं पुढच्या वर्षी कुणाला घ्यावं आणि कुणाला हाकलावं, यावर घसा कोरडा करतात. टीम गेली अकरा वर्षं हरतेय, पण बोलणाऱ्यांचा उत्साह काही कमी होत नाही. कुणाला किती पगार द्यायला हवा हे तर प्रत्येकाला तोंडपाठ. खरा आकडा मात्र सरोवराकाठच्या त्या रिकाम्या स्टेडियमच्या तिसऱ्या मजल्यावर एका बाईच्या टेबलावर तयार व्हायचा, आणि ती बाई बारमध्ये कधी फिरकत नसे.

तिचं नाव लोरेटा शिमानेक. वय एकसष्ट, केस बारीक कापलेले, चष्मा गळ्यात दोरीला. पुढच्या हंगामात खेळाडूंच्या पगारावर एकूण किती खर्च होणार याचा अंदाज बांधायचा, हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांचे करार झालेत त्यांचे आकडे लिहायचे आणि बेरीज मारायची, त्यात काय मोठंसं, असं बारमधल्या लोकांना वाटतं. पण चाळीस जणांच्या यादीत असे पक्के करारवाले जेमतेम तेरा-चौदा. आठ-दहा जण असे, की त्यांचा पगार फेब्रुवारीपर्यंत वाद घालून ठरणार. त्यांच्याइतकाच मुरलेला, त्यांच्यासारखाच खेळलेला दुसऱ्या टीमचा कुणीतरी शोधायचा, त्याला काय मिळालं ते बघायचं आणि हा किती मागेल, लवाद किती देईल हे ताडायचं. बाकीची पोरं किमान पगारावरची. त्यांचा हिशेब दिवसावर. हंगाम एकशे सत्त्याऐंशी दिवसांचा. पोरगा जितके दिवस मुख्य टीमबरोबर, तितक्या दिवसांचा मोठा पगार. खालच्या टीममध्ये धाडला की त्या दिवसापासून चणेफुटाणे.

शिवाय कुणाचं कोपर जूनमध्ये दुखावेल आणि त्याच्या जागी कुणाला वर बोलवावं लागेल, हेही नोव्हेंबरातच धरायचं. अजून धडधाकट असलेल्या कोपरांसाठी पैसे बाजूला काढून ठेवायचे. आणि काढून टाकलेल्या पण करार शिल्लक असलेल्या खेळाडूंचे पैसे वेगळे. ऑफिसातले लोक त्या रकमेला मेलेले पैसे म्हणतात. लोरेटाच्या तोंडून तो शब्द कधी आला नाही. ती म्हणायची, गेलेल्यांचे.

तीस वर्षं तिनं हा अंदाज बांधला आणि एवढ्या वर्षांत तो शंभरात दोनच्या वर कधी चुकला नाही. मालक बदलले, मॅनेजर आले आणि गेले, लोरेटा आपली तिथंच.

पण दर नोव्हेंबरात तिच्या यादीत एक माणूस जास्त भरे.

पहिल्यांदा झालं तेव्हा यादी कागदावर होती. आडनावाच्या क्रमानं चाळीस नावं तिनं पट्टीनं रेघा मारून लिहिली, ओळी मोजल्या, तर एकेचाळीस. पेरल्टा आणि प्राइस यांच्यामध्ये एक ओळ कोरी सुटली होती. डोळे दमले असतील म्हणून तिनं दुसरा कागद घेतला. पुन्हा तिथंच कोरी ओळ. पुढच्या वर्षी पेरल्टा नव्हता, प्राइसही नव्हता, पण त्याच अक्षराशी, त्याच जागी ओळ सुटलीच. मग संगणक आले. लोरेटाला वाटलं, यंत्र तरी असल्या गोष्टींना भीक घालणार नाही. पहिल्याच वर्षी कॉफी आणायला उठली आणि परत येऊन बघते तर पडद्यावर एकेचाळीस ओळी. तिनं ती पुसली. दुपारी पुन्हा हजर. शेवटी ती रोज संध्याकाळी घरी जाताना ती ओळ पुसायची, जशी माणसं दिवा मालवून निघतात. भूतबित तिनं कधी म्हटलं नाही. त्या ओळीत कुणाचं नाव बसतं, ते तिला माहीत होतं, आणि तेच तर दुखणं होतं.

ओळीचं एक वेळ ठीक, पण पावलांचं काय? रविवारच्या दुपारच्या सामन्यात नवांपैकी आठवा डाव सुरू झाला, की तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर पावलं वाजायची. जड पिशवी घेऊन कुणीतरी धापा टाकत चढतंय अशी. दाराशी यायची आणि थांबायची. त्यामुळे रविवारी सातवा डाव संपला की लोरेटा खाली जाऊन सॉसेजच्या गाडीपाशी उभी राहायची. गाडीवाल्याला वाटायचं, बाईला भूक फार.

यंदाचा अंदाज तिचा शेवटचा. एकतीस डिसेंबरला ती निवृत्त होणार होती. मालकानं आकडा दिला होता, अकरा कोटी वीस लाख डॉलर, त्याच्यावर एक पैसा जाता कामा नये. अंदाज शुक्रवारी द्यायचा. मंगळवारी सकाळी जनरल मॅनेजर टॉबिन हेल तिच्या खोलीत आला. छत्तिशीचा पोरगा, बँकेतून बेसबॉलमध्ये आलेला, पण स्वभावानं वाईट नाही. नोव्हेंबरात अख्ख्या स्टेडियममध्ये हा एकच मजला गरम ठेवतात. बाकीच्या नळांतलं पाणीसुद्धा काढून टाकतात, गोठून फुटू नयेत म्हणून. टॉबिन हात चोळत तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"लोरेटा, हा कोण?" त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "नाव नाही, गाव नाही, आणि पगार लावून बसलाय."

 आजवर ती ओळ दुसऱ्या कुणालाही दिसली नव्हती.

"किती आहे पगार?" तिनं विचारलं. चष्मा डोळ्यांवर होता, तरी तिनं विचारलं.

"चार हजार एकशे एकाहत्तर. भारीच स्वस्तात मिळाला की." टॉबिन हसला. "भूत ठेवलंय का कामाला? असेल तर राहू दे. आपल्या तिसऱ्या बेसवाल्यापेक्षा बरं खेळेल."

"चुकून राहिलंय. पुसते मी."

"तुमची आणि चूक? माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." त्यानं बगलेतलं पाकीट टेबलावर ठेवलं. "आणि हे एक पत्र. आर्कान्सातल्या कुणा बाईचं. नवरा आपल्याकडे पिचर होता म्हणे, जूनमध्ये गेला. मी जुनं दफ्तर बघितलं. बेचाळीस दिवस भरतात. पेन्शनला त्रेचाळीस लागतात. एका दिवसानं हुकलं हो बिचारं. आपलं नेहमीचं पत्र धाडून द्या."

तो गेला. लोरेटानं पाकिटाकडे न बघता आधी भागाकार केला. किमान पगार सात लाख ऐंशी हजार, भागिले एकशे सत्त्याऐंशी. चार हजार एकशे एकाहत्तर. एका दिवसाचा पगार. एवढी वर्षं त्या ओळीत आकडा कधी आला नव्हता.

पत्र वहीच्या कागदावर होतं, अक्षर शाळकरी.

'साहेब, माझा नवरा वेंडेल पॉस्टन तुमच्या टीममध्ये होता. तो नेहमी म्हणायचा की त्याचे त्रेचाळीस दिवस झालेत. तुम्ही तेव्हा बेचाळीस कळवले होते. मी भांडायला लिहीत नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि गुडघ्यांनी आता फार दिवस होणार नाही. दवाखान्याचं देणं आहे. म्हणून एकदा पुन्हा बघावं, एवढीच विनंती. नसतील तर नसतील. नेड्रा पॉस्टन.'

त्रेचाळीस दिवस म्हणजे काय, हे आमच्याकडे खेळाडूंच्या बायकांना तान्ह्या पोराच्या वजनासारखं ठाऊक असतं. मुख्य टीममध्ये एक दिवस काढला तरी पुढे आयुष्यभर सांगत फिरता येतं. पण पेन्शन हवी तर त्रेचाळीस. बेचाळीसवाल्याला टोपी आणि आठवणी. नवरा गेल्यावर बायकोला मिळतं ते त्या त्रेचाळिसांवरच.

आता लोरेटानं काय केलं होतं ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला तिची बाजूही घ्यायची नाही आणि तिला सुळावरही द्यायचं नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. रविवार, सतरा तारीख. तिला इथं लागून दोन वर्षं झाली होती, नवरा सोडून गेलेला, घरी अंथरुणाला खिळलेली आई. त्या दुपारी चेंडू टाकणाऱ्या एका पिचरचा खांदा गेला म्हणून खालच्या टीममधून वेंडेल पॉस्टनला तातडीनं बोलावलं होतं. पोरगा नऊ तास गाडी हाकत आला आणि पोहोचला तेव्हा सामन्याचा आठवा डाव सुरू होता. खाली सगळे मैदानाशी. कुणीतरी त्याला वर पाठवलं. दारात उभा, पिशवी खांद्यावर, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि चेहरा असा की जणू अजून त्यालाच खरं वाटत नाहीये.

"आलोय मी," तो म्हणाला. "सही कुठं करू?"

लोरेटानं हजेरीचा कागद पुढे केला. खेळाडू ज्या दिवशी टीममध्ये हजर होतो तो त्याचा पहिला दिवस, हा नियम. त्यानं सही केली आणि तारखेची जागा बघून थांबला. "तारीख मी टाकते, तू पळ," ती म्हणाली. तो धावत गेला, कपडे घालून शेवटच्या डावात राखीव पिचर बसतात त्या बाकावर जाऊन बसला. खेळला नाही. त्यामुळे कुठल्याही पुस्तकात त्या दिवशीचं त्याचं नाव नाही.

आणि लोरेटानं आठवड्याचा पगाराचा तक्ता दुपारीच लीगला फॅक्स करून टाकला होता. सतरा तारीख टाकायची तर तक्ता नव्यानं करा, त्यावर जनरल मॅनेजरची सही घ्या. मॅनेजर मालकाच्या पाहुण्यांबरोबर वर काचेच्या खोलीत बसलेला, आणि आधल्याच आठवड्यात तक्ता दोनदा बदलला म्हणून तिच्यावर खेकसलेला. तिनं अठरा तारीख घातली. सोमवार. एका दिवसानं काय बिघडतंय. असली चूक या धंद्यातच भोवते. बाहेरच्या जगात माणूस रविवारी आला काय आणि सोमवारी आला काय, कुणाला फरक पडतो? हंगाम अठ्ठावीस सप्टेंबरला संपला. अठरा ऑगस्टपासून मोजा, बेचाळीस. वसंतात पॉस्टनचा खांदा फाटला आणि तो पुन्हा कधी वर आला नाही.

इथवर ती चूक होती. चुका होतात. पण त्या हिवाळ्यात, लोरेटा पुढच्या हंगामाचा अंदाज बांधत असतानाच त्याचा फोन आला. आवाज तोच, जरा बिचकलेला.

"मॅडम, काहीतरी गफलत झालीय. माझा रविवार धरलेला नाही. तुम्हीच होता की तिथं. मला म्हणालात, तारीख मी टाकते."

तेव्हा ती म्हणू शकली असती, हो रे बाबा, चुकलंच. पण लीगला गेलेल्या कागदावर खोटी तारीख म्हणजे नोकरी गेली, हे तिला पक्कं माहीत होतं. आईच्या औषधांचे पैसे तिच्या डोळ्यांपुढे आले. "बघून कळवते," ती म्हणाली, आणि पत्रानं कळवलं. आमच्या नोंदीप्रमाणे आपले बेचाळीस दिवस भरतात. खाली सही, लो. शिमानेक. तो आणखी दोनदा फोन करून विचारत राहिला. दोन्ही वेळा तिनं तेच वाक्य वाचून दाखवलं. मग त्याचे फोन थांबले, आणि पुढच्या नोव्हेंबरात ओळ आली.

मंगळवारी दुपारी तिनं टॉबिनचं 'नेहमीचं पत्र' टाइप केलं. शब्द तेच निघाले, एकही बदलला नाही. आमच्या नोंदीप्रमाणे. ती सही करायला गेली आणि जिन्यावर पावलं वाजली.

रविवार नव्हता. सामना नव्हता. खाली मैदानावर बर्फाची पापडी धरली होती आणि पहारेकऱ्याखेरीज इमारतीत त्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. पावलं आपली चढत राहिली, धापा टाकत, पहिल्या वळणाशी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत. दाराशी आली आणि थांबली.

अठ्ठावीस वर्षं ती त्या दारापासून पळत आली होती. आज पळायला सॉसेजची गाडीसुद्धा नव्हती. तिला रडू आलं, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. ती उठली आणि तिनं दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. थंडगार सिमेंटचा बोळ, टोकाला एक दिवा. पण हवेत ऑगस्टचा वास होता. कापलेलं गवत, भाजलेले शेंगदाणे, उन्हात तापलेला माणूस. ती उंबऱ्याशी उभी राहिली. 

"बस जरा," ती मोठ्यानं म्हणाली. आपला आवाज तिला कुणा म्हातारीचा वाटला. "लिहून देते."

दार तिनं उघडंच ठेवलं, थंडी आत आली तरी. टाइप केलेलं पत्र फाडलं आणि हातानं लिहायला बसली. मी, लोरेटा शिमानेक, शपथेवर लिहून देते की वेंडेल पॉस्टन हा खेळाडू रविवार, सतरा ऑगस्ट रोजी सामना चालू असताना माझ्यासमोर हजर झाला. त्यानं माझ्यासमोर सही केली. अठरा ही तारीख माझ्या हाताची आहे आणि ती खोटी आहे. नंतर त्यानं तीनदा विचारलं, तेव्हाही मी खोटं सांगितलं. ही शेवटची ओळ वकिलानं सांगितली नसती, पण तिनं ती लिहिली. पेनाची शाई ठिकठिकाणी पसरली होती. बुधवारी सकाळी बँकेत जाऊन तिनं ते तिथल्या नोटरीपुढे नोंदवलं आणि एक प्रत लीगच्या पेन्शन ऑफिसला आपल्या हातानं पोस्टात टाकली. मगच टॉबिनला सांगितलं.

टॉबिननं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलला.

"तुम्हाला पाच आठवडे राहिलेत," तो म्हणाला. "फक्त पाच आठवडे. वर्षाचा पगार निरोपाचा मिळणार, तहहयात पास मिळणार. जानेवारीत पाठवलं असतंत तर काय आभाळ कोसळणार होतं? अठ्ठावीस वर्षं थांबलात ना?"

"म्हणूनच."

"अजून मागे घेता येईल. मी बोलतो कुणाशी तरी. म्हणू, बाई थकल्यात, गोंधळ झाला."

"त्यालाही असंच भासवलं होतं रे टॉबिन. तुझाच गोंधळ होतोय म्हणून. मी नाही मागे घेत."

"क्लबला दंड बसेल. मालक मला उभा फाडेल."

"माझं नाव सांग. खरंच आहे ते."

तो चिडला होता, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. तरी जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "ती ओळ तुम्हीच घातली होती ना?"  आणि उत्तराला न थांबता तो निघून गेला.

शुक्रवारी तिनं अंदाज दिला. अकरा कोटी अठरा लाख, ओळी चाळीस. सोमवारी वकिलांनी तिला बोलावून ओळखपत्र काढून घेतलं. निरोपाचा केक नाही, पगार नाही, पास नाही. तीस वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं आणि ते खोकं पहारेकऱ्यानं गाडीपर्यंत पोहोचवलं. गावात कुजबुज झाली. चर्चमधल्या शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला लोक तिच्याशी बोलत, पण जरा जपून, आजारी माणसाशी बोलतात तसे. तिला त्याचं काही वाटलं नाही. घरात पावलं नव्हती. कुठली यादी लिहिली, अगदी किराणामालाची, तरी कोरी ओळ सुटत नव्हती. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. वर्षानुवर्षं न आलेली गाढ झोप तिला येऊ लागली. तिला वाटलं, सुटले. मोजायचं ते मोजून झालं.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका दुपारी फोन वाजला. ती स्वयंपाकघरात पियेरोगींची, बटाटा भरून उकडायच्या करंज्यांची, कणीक लाटत होती. पिठाचे हात पुसून तिनं फोन घेतला.

"मिसेस शिमानेक का? मी नेड्रा पॉस्टन. आर्कान्सातून. नंबर शोधायला फार त्रास झाला बघा. तुमच्या ऑफिसातले कुणी बोलायलाच तयार नाहीत."

"बोला ना, मिसेस पॉस्टन."

"पेन्शन मंजूर झाली. काल पत्र आलं. मागचीसुद्धा मिळणार म्हणतात, जूनपासूनची. मी दोनदा वाचलं, मग शेजारणीकडून वाचून घेतलं." बाई हसली. हसणं दमलेलं होतं, पण खरं होतं. "त्यात लिहिलंय की नोंद दुरुस्त केली. आणि खाली तुमचं नाव. मी म्हटलं, आधी त्या बाईंचे आभार मानावेत. तुम्ही एवढं जुनं दफ्तर उकरलंत."

लोरेटा ओट्याला टेकली. इथं गप्प बसणं किती सोपं होतं. बाईला पैसे मिळाले होते. तिला आभार मानायचे होते. हो म्हणायचं आणि फोन ठेवायचा. पण हेच सोपं तिनं एकदा केलं होतं.

"दफ्तरात काही नव्हतं, मिसेस पॉस्टन. ते माझ्या डोक्यात होतं. तुमचे मिस्टर रविवारीच आले होते. माझ्यासमोर उभे होते. मी कंटाळा केला आणि सोमवार लिहिला. त्यांनी विचारलं, तेव्हा नोकरी जाईल म्हणून खोटं बोलले. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं."

 पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"रविवारीच आला होता?" नेड्रा म्हणाली.

"हो."

"आणि तिथं बाकावर बसला होता? कपडे घालून?"

"हो. शेवटचा डाव. मी वरून बघितलं होतं."

शिव्या येतील, रडणं येईल, असं लोरेटाला वाटलं. ती त्यासाठी तयार होती, एका परीनं तिला ते हवंच होतं. पण बाईचा आवाज होता तसाच राहिला, फक्त हळू झाला.

"दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सांगायचा तो. माझा पहिला दिवस, रविवार होता, ऊन होतं, लोक ओरडत होते. माझा भाऊ एकदा सामन्यांच्या नोंदींचं पुस्तक घेऊन आला. म्हणाला, हे बघ, रविवारी तू नव्हतासच. सगळे हसले. मग ती थट्टाच झाली आमच्याकडे. कुणी काही थाप मारली की म्हणायचे, वेंडेलचा रविवार. पोरंसुद्धा म्हणायची." ती थांबली. "मीपण म्हणायचे."

"मिसेस पॉस्टन..."

"थांबा, मला बोलू द्या. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नर्सला सांगत होता. चांगली पोरगी होती, ऐकत होती. मला वाटलं, तिला उगाच अडकवून ठेवतोय. मी म्हटलं, बाई, मनावर घेऊ नकोस, हे सगळं त्यानं रचलेलं आहे. त्याच्या उशाशी उभी राहून म्हटलं. मला वाटलं झोपलाय."



"झोपला नव्हता," नेड्रा म्हणाली. "त्यानं भिंतीकडे तोंड केलं. नंतर चार दिवस होता. त्या दिवसाचं पुन्हा बोलला नाही."

लोरेटाकडे देण्यासारखं जे होतं ते तिनं देऊन टाकलं होतं, आणि ते या बाईच्या घरात पोहोचून काय झालं ते ती ऐकत होती. मला क्षमा करा हे तिच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. ते शब्द या बाईपुढे फार लहान होते.

"तुम्ही पत्र लिहिलंत, बरं केलंत," नेड्रा म्हणाली. "छपराचं काम होईल. दवाखान्याचं फिटेल. तुम्हाला निदान लिहून धाडायला एक पत्ता तरी होता. मी आता कुणाला सांगू, की तू खरं बोलत होतास म्हणून?"

 ओट्यावरची कणीक सुकत चालली. दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.